पेटी मागितली, पुस्तकं आली

मित्रांनो, मी पेटी आहे, आणि चांगली जुनी आहे. पण कुठली पेटी ते आधीच सांगून टाकते, कारण त्यावरून एका घरात केवढा घोळ झाला होता. मी पत्रपेटी नाही, मतपेटी नाही, काडेपेटी तर नाहीच नाही. भाता हलवून सूर काढतात ती वाजवायची पेटी असते ना, तीही मी नव्हे. मी पुस्तकांची पेटी. ग्रंथालयाची गाडी मला लोकांच्या घरी नेऊन ठेवते आणि पंधरवड्यानं परत घेऊन जाते.

माझा जन्म ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे मोडलेल्या कपाटांच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. ग्रंथपालबाईंनी सुताराला बोलावलं आणि म्हणाल्या, "ह्यातून एक पेटी करून द्या. ज्यांना इथवर यायला जमत नाही, त्यांच्या घरी पुस्तकं गेली पाहिजेत." सुतार फळीवरून हात फिरवत म्हणाला, "पेटी होईल बाई, पण उचलणाऱ्याची कंबर जाईल." खरं बोलला बिचारा. मला दोन्ही बाजूंना जाड कड्या आहेत, आणि त्या धरून मला उचलताना आजवर एकाही माणसाच्या तोंडून चांगला शब्द निघालेला नाही.

बाईंनी ठरवलं की ह्या पेटीत फक्त चित्रांची आणि गाण्याची पुस्तकं जातील. घरातल्या प्रत्येकाला काहीतरी मिळालं पाहिजे म्हणून माझ्या पोटात तीन खण केले, जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक. वरचा खण अगदी चिमुरड्यांचा. त्यात जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, चावली तरी चालतील अशी. रंगांची, गोल-चौकोनांची, टाळ्या वाजवत म्हणायच्या गाण्यांची. मधला खण शाळकरी मुलांचा. घोडा कसा काढायचा, दोन रंग मिसळून तिसरा कसा करायचा, रिकाम्या खोक्याला रबरबँड ताणून वाद्य कसं बनवायचं, घरातले आवाज डोळे मिटून कसे ऐकायचे. आणि तळाला मोठ्यांचा खण. चित्रासमोर उभं राहिल्यावर काय काय बघावं, सूर कागदावर कसे लिहितात, गळ्यातून आवाज निघतो म्हणजे नेमकं काय होतं, असली भारदस्त पुस्तकं.

एकेक पुस्तक बाईंनी स्वतः वाचून, कधी घरी नेऊन भाचरांवर आजमावून निवडलं होतं. मग प्रत्येक खणाच्या कडेला त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली. 'वय तीन ते सहा', 'वय सात ते अकरा', 'वय बारा आणि पुढे'. मला त्या पट्ट्यांचा फार अभिमान वाटायचा. छापील अक्षर म्हणजे शेवटचा शब्द, अशी माझी समजूत होती.

मित्रांनो, मी पुष्कळ घरं पाहिली. एका घरात पाय मोडून पडलेला ड्रायव्हर होता. त्यानं तळाच्या खणातलं चित्रांचं पुस्तक इतकं बघितलं की शेवटी बायको म्हणाली, "माझ्याकडे कधी एवढं बघितलंत का?" एका घरात सगळ्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून एकमेकांची नाकं काढली आणि दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. अशा घरांतून परत येताना माझ्या बिजागऱ्यासुद्धा खुशीत कुरकुरायच्या. पण काही घरांत माझं झाकणच उघडलं नाही. माझ्यावर टीव्ही ठेवला, इस्त्री ठेवली, ओल्या छत्र्या ठेवल्या. इस्त्रीचा डाग अजून आहे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणखी एक वाक्य मी घरोघरी ऐकलं. मुलानं एखादं पुस्तक उचललं की आई पट्टी वाचायची आणि म्हणायची, "हे तुझ्या वयाचं नाही, ठेव ते." मूल ठेवून द्यायचं. मला त्यात काही गैर वाटत नसे. पट्टीवर तसंच तर लिहिलं होतं.

आता त्या घोळाकडे येते.

एक दिवस मी ग्रंथालयातच होते, काउंटरच्या शेजारी. एक बाई घाईघाईनं आत आल्या. गळ्यात मापाची टेप, ओढणीला दोन टाचण्या तशाच टोचलेल्या. त्या काउंटरवरच्या कारकुनाला म्हणाल्या, "तुमच्याकडे घरपोच पेटी मिळते म्हणे?"

"मिळते की. पंधरवडाभर ठेवा."

"आमच्याकडे कुणाला येत नाही हो फारसं. नवशिक्याला चालेल ना?"

"आमची पेटी सगळ्या वयांना चालते," कारकून अभिमानानं म्हणाला.

"आणि आवाज कसा आहे?"

कारकुनानं माझ्याकडे बघितलं. "बिजागरीचा थोडा येतो. बाकी काही त्रास नाही."

बाई जरा गोंधळल्या, पण फुकट मिळणाऱ्या वस्तूला किती प्रश्न विचारायचे, म्हणून पत्ता देऊन निघून गेल्या. माझ्या लक्षात काही आलं नाही. कारकुनाच्याही नाही.

त्या बाई म्हणजे आत्या. हे आत्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मुलांचे आई-बाबा सकाळी कामावर जात ते दिवे लागताना परतत. दिवसभर घरी आजोबा, आत्या आणि दोन भाचरं. धाकटी जेमतेम चार वर्षांची. थोरला आठवीत, त्याची शाळा सकाळची. आत्या पुढच्या खोलीत पायमशीनवर शिवणकाम करायची. लोकांच्या पँटी आखूड कर, कुणाची चेन बदल, कुणाचा सुटलेला खिसा बसव.

गाडीवाल्यानं कण्हत मला वर नेलं, तेव्हा घरात समारंभाची तयारी होती. टेबल पुसून ठेवलं होतं. बसायला योग्य उंचीचं स्टूल शोधून आणलं होतं. शेजारच्या काकूंना वाजवण्याचं थोडं अंग होतं, त्या बोटं मोडत तयार बसल्या होत्या. आत्या म्हणाली, "जड आहे म्हणजे चांगल्या लाकडाची असणार," आणि तिनं थोरल्याला हाक मारून झाकण उघडलं.

आत पुस्तकं.

काकूंनी वरचा खण उचलला, मधला उचलला, तळाशी हात फिरवला. आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "हिचा भाता कुठल्या बाजूला आहे?"

थोरला हसला. अगदी खदखदून हसला. पण त्या हसण्याचे मधेच दोन तुकडे झाले. अर्धं बारीक, किंचाळल्यासारखं, आणि अर्धं जाड, घोगरं. त्यानं पटकन तोंडावर हात ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेला. आत्याचा चेहरा पडला.

पुढच्या एक-दोन दिवसांत सगळं माझ्या कानावर आलं. थोरला गाणारा मुलगा होता. शाळेच्या गाण्यात तो पहिल्या रांगेत उभा राहायचा, आणि सगळ्यात उंच सूर त्याचा. घरात तर तो दात घासतानासुद्धा गायचा. मग त्याला कंठ फुटला. मुलांचा फुटतोच, त्यात नवल काही नाही. पण बोलता बोलता आवाज असा घसरायचा की ऐकणाऱ्याला हसू आवरायचं नाही. आत्यासुद्धा थट्टेनं म्हणाली होती, "अरे, बिजागरीत तेल घालू का?" गाण्याच्या बाई शाळेत म्हणाल्या, "सध्या तू नुसते ओठ हलव हं, बाळा." त्यांनी प्रेमानंच सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून थोरला गायचा बंद झाला, आणि हळूहळू बोलायचाही. हो-नाही मानेनं सांगायचा. आजोबा पूर्वी तो गायला लागला की रेडिओ बंद करायचे. आता रेडिओ दिवसभर चालू असायचा, कारण घर फार गप्प वाटायचं.

आत्याला आपल्या थट्टेचं फार लागून राहिलं होतं. म्हणून ती पेटी शोधत होती. गळा रुसला तर रुसला, बोटं तरी सुरांत राहतील, असा तिचा हिशोब. आणि घरी आले काय, तर मी.

तिनं ग्रंथालयाला फोन केला. गाडी आता पंधरवड्यानंच इकडे येईल, असं उत्तर आलं. मग मला ढकलत दाराजवळ नेलं. येणारा-जाणारा माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधायचा. आत्या माझ्यावर शिवून झालेल्या पँटींची चळत ठेवायची. एका सकाळी थोरला असाच माझ्यावर बसला होता. नाडी ओढता ओढता त्यानं आत्याला इतक्या दिवसांतलं सगळ्यात लांब वाक्य ऐकवलं. "पुढच्या सत्राला मी गाणं घेत नाही. सुतारकाम घेतो. पंधरा दिवसांत सांगायचंय."

आत्या म्हणाली, "बरं." तो जिना उतरून गेला, आणि मग ती कितीतरी वेळ हातातली सुई ओवतच राहिली. दोरा काही आत जाईना.

मित्रांनो, आता त्या घरात काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला कळलंच असेल. मलाही कळलं होतं. पण पेटीला हात नसतात. माझ्या पोटात पुस्तकं होती, आणि झाकणावर पँटी होत्या.

चळत खाली काढली ती आजोबांनी. वेळ जात नव्हता म्हणून. त्यांनी मधल्या खणातलं घोडा काढायचं पुस्तक उचललं. आत्यानं पट्टी वाचली, "सात ते अकरा?" तेव्हा ते म्हणाले, "धाकटीसाठी बघतोय," आणि धाकटीला पेन्सिलीला हातसुद्धा लावू दिला नाही. त्यांचा पहिला घोडा खाटेसारखा दिसत होता. दुसरा जरा बऱ्या खाटेसारखा.

थोरल्यानंही गुपचूप तळाच्या खणातलं गळ्याचं पुस्तक काढलं. ते त्याच्याच वयाचं होतं, पट्टीप्रमाणे. त्यात नीट समजावून सांगितलं होतं की मुलांचा गळा वाढतो, आवाज खाली उतरतो, काही महिने डळमळतो आणि मग बसतो. त्यानं ते पान तीनदा वाचलं. डोक्याला पटलं असावं. गळ्याला पटलं नाही. पुस्तक जागच्या जागी ठेवून तो खिडकीत जाऊन बसला.

मग धाकटीनं माझ्यात हात घातला. तिनं वरच्या खणातून एक पुठ्ठ्याचं पुस्तक ओढलं. कोपरे आधीच कुणीतरी चावलेले. लोकरीच्या गुंड्याची गोष्ट होती, आणि ती गाण्यात होती. त्या गाण्याला चारच सूर. तीन वर्षांच्या बाळाला उंच जाता येत नाही, खाली जाता येत नाही, म्हणून रचणाऱ्यानं मुद्दाम चारच सुरांत सगळी गोष्ट बसवली होती. सूर रंगीत ठिपक्यांनी दाखवले होते.

ती आधी आजोबांकडे गेली. आजोबा घोड्याच्या मागच्या पायात अडकले होते. आत्याकडे गेली. आत्या म्हणाली, "उद्या सकाळी द्यायचंय हे काम, दादाकडे जा." दादानं मान हलवली. धाकटीनं त्याच्या मांडीवर पुस्तक आपटलं. तिला नाही हा शब्द समजत नसे. तो कुजबुजत वाचायला लागला. तिनं त्याच्या तोंडावर बोट ठेवलं.

"वाचायचं नाही. म्हणायचं."

थोरल्यानं इकडेतिकडे बघितलं. आत्याचं मशीन खडखडत होतं. रेडिओ लागला होता. आपला आवाज कुणाला ऐकू जाणार नाही असं त्याला वाटलं असावं. त्यानं खालच्या आवाजात सुरुवात केली.

*लोकरीचा गुंडा चालला कुठं,*
*मांजर मागं, दोरा पुढं.*

आवाज फुटला नाही. फुटणार कसा? गाणं वर चढतच नव्हतं. चार पायऱ्या चढायच्या, चार उतरायच्या. त्यानं पान उलटलं. गुंडा जिन्यावरून खाली गेला. गुंडा पलंगाखाली गेला. धाकटी टाळ्या देत होती. मी दाराजवळ होते, मला नीट ऐकू आलं. आवाज घोगरा होता, पण सुरांत होता.

आत्याच्याही कानावर गेलं. तिनं चटकन पाय थांबवला, आणि मशीन थांबताक्षणी थोरला गप्प झाला. त्यानं पुस्तक मिटलं. आत्यानं क्षणभर विचार केला. मग काही न बोलता, त्याच्याकडे न बघता, तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. थोड्या वेळानं तोही पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर रोज दुपारी हेच. धाकटी पुस्तक घेऊन यायची, थोरला "तिच्यासाठी" म्हणायचा, आणि आत्या मशीन चालवायची. एका दुपारी मी नीट बघितलं, तर मशीनखाली कापड नव्हतं. सुईत दोराही नव्हता. आत्याचं त्या दिवसाचं काम केव्हाच संपलं होतं. ती नुसती पाय चालवत होती, रिकाम्या मशीनवर मान खाली घालून, अगदी कामात असल्यासारखी. गाणं संपेपर्यंत तिनं पाय थांबवला नाही. तिच्या पोटऱ्या दुखत असणार. मला वाटलं, आपल्याला हात असते तर ह्या बाईचे पाय चेपले असते.

आजोबांनी आपल्या परीनं रेडिओचा आवाज दोन बोटं वाढवला होता. बातम्या होत्या की जाहिराती, त्यांना पत्ता नव्हता.

दिवस भराभर जात होते. थोरला आता गुंड्याचं गाणं धरून आणखी एखादा सूर खाली जाऊन बघायचा. तिथे त्याला काहीतरी सापडत होतं. पूर्वी कधीच नव्हता असा जाडसर, ऊबदार आवाज. पण शाळेत काय सांगायचं, ह्याबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता, आणि आत्याला विचारायचा धीर होत नव्हता. माझी गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती.

त्या दुपारी गाणं रंगात आलं असताना मशीनचा चामडी पट्टा तुटला. फट्‌कन आवाज झाला आणि चाक सुटं फिरून थांबलं. नेमकी त्याच वेळी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली शांतता. सगळ्या खोलीत फक्त थोरल्याचा आवाज. तो ओळीच्या मधे होता. त्याच्या ते लक्षात आलं, तो बिचकला, आणि आवाज टरकन फाटला. अर्धा वर, अर्धा खाली.

आत्यानं जीभ चावली. तुटलेला पट्टा हातात धरून ती तशीच बसून राहिली. मी श्वास रोखला, पेटीला जेवढा रोखता येतो तेवढा.

आजोबांनी मान वर केली नाही. पेन्सिल चालूच होती. ते म्हणाले, "मग? पुढं काय झालं गुंड्याचं?"

थोरल्यानं त्यांच्याकडे बघितलं. आत्याकडे बघितलं, तिच्या मशीनकडे बघितलं. मशीनखाली कापड नाही, सुईत दोरा नाही, हे त्याला तेव्हा दिसलं. मग त्यानं घसा खाकरला आणि ओळ पहिल्यापासून म्हटली. पुन्हा फाटली. त्यानं पुन्हा म्हटली. गुंडा घराबाहेर पडला, रस्त्यावरून गेला आणि शेवटी आजीच्या मांडीवर जाऊन थांबला, तिथपर्यंत त्यानं सगळं गाणं म्हटलं.

धाकटी म्हणाली, "परत." तिच्या दृष्टीनं काही विशेष घडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडीवाला माझी कडी धरून दारात उभा होता. आत्या त्याला उगीच थांबवत होती, पाणी घ्या, जरा बसा, पुस्तकं मोजते. थोरला शाळेतून यायला उशीर करत होता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तो आत आला, दप्तर टाकलं आणि म्हणाला, "सांगून आलो बाईंना."

आत्यानं विचारलं, "काय?"

"म्हटलं, ओठ हलवणार नाही. गाणार. उंच जमत नाही, खालचं जमतं. बाईंनी ऐकलं. खालच्या पट्टीची रांग आहे ना मागची, तिथे उभं केलं मला." हे सगळं त्यानं त्याच डळमळत्या आवाजात, अधूनमधून किंचाळत सांगितलं, आणि कुणीही हसलं नाही. मग तोच हसला, तेव्हा सगळे हसले.

आत्या मटकन माझ्यावरच बसली. हुश्श म्हणाली, आणि ओढणी हाताशी नसल्यामुळे तिनं मापाच्या टेपनं डोळे पुसले. गाडीवाला म्हणाला, "ताई, उठा आता, ह्या पेटीला आधीच वजन कमी नाही." मित्रांनो, मी कितीतरी वजनं सोसली आहेत, पण एवढं हलकं वजन माझ्यावर कधी बसलं नव्हतं.

ग्रंथालयात परत आल्यावर आत्यानं पाठवलेला निरोप गाडीवाल्यानं बाईंना सांगितला. पुठ्ठ्याचं एक पुस्तक अजून थोडे दिवस ठेवून घेतलंय, मुलगा चौदा वर्षांचा आहे, चालेल ना. बाईंनी निरोप दोनदा ऐकला. मग ब्लेड घेतलं आणि माझ्या तिन्ही पट्ट्या खरवडून काढल्या. नव्या लावल्या. 'तीनपासून पुढे', 'सातपासून पुढे', 'बारापासून पुढे, आणि आधी वाटलं तर आधी'. मला आता ह्याच पट्ट्या आवडतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. पुस्तकांची पेटी तुमच्या दारी आली तर तिच्यावर इस्त्री ठेवू नका, झाकण उघडा. लहानाला मोठ्याचं चित्र बघू द्या, म्हाताऱ्याला घोडा काढू द्या. आणि मिसरूड फुटलेल्या मुलाच्या हातात बाळाचं पुस्तक दिसलं, तर कशाला म्हणून विचारू नका. आपल्या हातातलं काम तसंच चालू ठेवा, आणि ऐका.